सोसायटीत कार्डवालं लॉक आणि अलार्म बसवतोय, जिन्याच्या दाराचं काय करायचं?

घोडबंदरवासी | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, चौदा मजली बिल्डिंग, मजल्यावर चार फ्लॅट, यंदा पहिल्यांदाच कमिटीत आलोय. गेल्या चार महिन्यांत आमच्याकडे दोन चोऱ्या झाल्या, आधी पार्किंगमधनं सायकली गेल्या आणि मग अकराव्या मजल्यावरचा बंद फ्लॅट फोडला, दोन्ही वेळेला माणूस जिन्याने वर आला आणि जिन्यानेच खाली गेला, कॅमेऱ्यात पाठमोरा दिसतो बस. लोक घाबरलेत आणि चिडलेतही, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जनरल बॉडीत ठराव झाला की अ‍ॅक्सेस कंट्रोल बसवायचं आणि जोडीला चोरीचा अलार्म.

एका व्हेंडरचं कोटेशन आलंय. लॉबीचं काचेचं दार (तिथे बिल्डरने दिलेलं मॅग्नेटिक लॉक आधीपासून आहे, ते तसंच ठेवणार), दोन्ही जिन्यांची तळमजल्याची दारं, बेसमेंट पार्किंगमधून जिन्यात जायचं दार आणि गच्चीचं दार, सगळीकडे मॅग्नेटिक लॉक, बाहेरून कार्ड आणि आतूनही कार्ड. व्हेंडर म्हणतो आतून कार्ड ठेवलं की कोण किती वाजता बाहेर पडलं त्याची पण नोंद राहते. मीटिंगमध्ये सगळ्यांना हे फार आवडलं. मला मात्र सारखी आईच डोळ्यांसमोर येतेय. वय ७८, कार्ड जवळ ठेवायची सवय नाही, लाईट गेली की आधी चष्मा शोधते. रात्री काही झालं आणि ती एकटी जिन्याने खाली आली तर त्या दारापाशी काय करेल?

कोडमध्ये याबद्दल नक्की काय आहे, परवानगी कोणाची लागते, व्हेंडरला काय विचारायचं? माझं शिक्षण कॉमर्सचं, तेव्हा जरा फोडून सांगा.

तारजोड | शनिवार, रात्री १०:२५

"आतूनही कार्ड" एवढं वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. दादा, हे कोटेशन आहे तसं पास करू नका. मी सतरा वर्षं हेच काम करतोय, कार्ड रीडर, लॉक, फायर पॅनेल (आगीचा अलार्म चालवणारी पेटी), हूटर सगळं.

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा चौथा भाग आग आणि जीवसुरक्षेचा आहे. त्यात बाहेर पडायच्या दाराबद्दल एक साधी अट आहे, दार ज्या बाजूच्या माणसांना बाहेर काढायला ठेवलंय त्या बाजूने ते किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. आता कार्ड म्हणजे किल्लीच ना? बोटाचा ठसा पण किल्ली, मोबाईलमधला क्यूआर पण किल्ली. त्यामुळे बाहेर पडायच्या वाटेवर आतून कार्ड हा विषयच संपला. बाहेरून येणाऱ्याला अडवा, पन्नास वेळा ओळख विचारा, पण आतून निघालेल्या माणसाला दाराने काहीही विचारायचं नाही.

आता मॅग्नेटिक लॉकचं सांगतो. वर चौकटीला चुंबक, दाराला लोखंडी पट्टी. करंट आहे तोवर धरून ठेवतो, करंट गेला की सोडतो, म्हणून याला फेल सेफ म्हणतात. बाजारात सगळ्यात जास्त चालतं ते ६०० पौंडी, म्हणजे साधारण २८० किलोची ओढ. धडधाकट माणसाने खांदा लावला तरी ते हलत नाही, तुमच्या आईंची तर गोष्टच सोडा. म्हणून ते सुटायच्या वाटा नीट हव्यात, आणि एक नाही, तीन हव्यात: आतल्या बाजूला दाराशेजारी बटण, फायर अलार्म वाजला की आपोआप, आणि करंट गेला की आपोआप.

आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते, मी स्वतः दुसऱ्यांनी केलेल्या कितीतरी साईट उघडून पाहिल्यात म्हणून सांगतो. लॉकच्या पॉवर सप्लायमध्ये १२ व्होल्टची ७ एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी असते. लॉक जेमतेम अर्धा अँपिअर खातं, म्हणजे नुसतं लॉकच असेल तर कागदावर चौदा तास. लाईट गेल्यावर बिल्डिंग उघडी पडू नये म्हणून बॅटरी हवीच, त्यात वाईट काही नाही. पण फायर पॅनेलची रिले, म्हणजे अलार्म वाजला की वीज तोडणारा स्विच, काही लोक २३० व्होल्टच्या मेनच्या बाजूला टाकतात. अलार्म वाजला, रिलेने मेन तोडला, आणि बॅटरीने लॉक धरूनच ठेवलं! कागदावर "फायर इंटिग्रेशन केले" आणि दार मात्र बंद. रिले बॅटरीच्या पुढे पाहिजे, म्हणजे पॉवर सप्लायमधून लॉककडे जाणारी जी शेवटची वायर आहे तिच्यातच. आणि अशी जोडायची की वायर तुटली किंवा पॅनेल मेलं तरी लॉक सुटेल.

बटणाचं पण तेच. साधं एक्झिट बटण कंट्रोलरला जातं, कंट्रोलर विचार करतो आणि मग लॉक सोडतो. कंट्रोलर हँग झाला तर? म्हणून शेजारी हिरव्या रंगाचा ब्रेक ग्लासचा डबा लागतो, तो कोणाला न विचारता सरळ लॉकची वायर तोडतो. तुमच्या कोटेशनमध्ये ही ओळ आहे का बघा.

उद्या एक काम करा. लॉबीचं जुनं लॉक आहे ना, त्याच्या पॉवर सप्लायचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा आणि दार ओढून बघा. मग एमसीबी परत चढवा, फायरचा लाल कॉल पॉइंट (आग लागली की दाबायचा भिंतीवरचा डबा) दाबा आणि परत दार ओढून बघा. आधी सगळ्यांना ग्रुपवर कळवा, नाहीतर लोक घाबरतील. काय झालं ते इथे लिहा.

लाल_गाडी | रविवार, सकाळी ७:१०

तारजोड यांनी तांत्रिक बाजू चोख मांडली आहे. मी अग्निशमन दलातून निवृत्त झालो, त्यामुळे दाराच्या पलीकडून काय दिसतं ते लिहितो.

धुरात माणूस दार डोळ्यांनी शोधत नाही, हाताने शोधतो. भिंत चाचपत येतो, हाताला कडी किंवा दांडा लागला की तो खाली दाबतो आणि सगळं अंग टाकून ढकलतो. बाजूच्या भिंतीवर रुपयाएवढं बटण आहे आणि ते दाबायचं असतं हे त्याला त्या वेळी आठवत नाही. दिवस असता, उजेड असता, तर आठवलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जिन्याच्या दारावर मॅग्नेटिक लॉक लावूच नये. तिथे पॅनिक बार लावा. दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर आडवा दांडा असतो, त्यावर पोट टेकलं तरी दार उघडतं, वीज नको, बॅटरी नको, कार्ड नको. बाहेरच्या बाजूला हवं तर कार्ड लावा, आतला दांडा कायम मोकळा.

कायद्याचं विचारलंत. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही कोडच्या हिशोबात उंच इमारत, तुमची चौदा मजली त्यात आलीच. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ आहे, त्याखाली ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आता सोसायटीची. बिल्डर गेला म्हणून ती जात नाही. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तुमची जी एजन्सी फॉर्म बी देते तिला या कामात पहिल्या दिवसापासून बसवा. जिन्याच्या दारांना हात लावण्याआधी तिचं लेखी मत घ्या आणि फायर ऑफिसला पत्र देऊन ठेवा. लॉकवाला वेगळा, फायरवाला वेगळा आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, असं बहुतेक ठिकाणी असतं, आणि मग त्या दोघांच्या मधली वायर कोणाचीच नसते.

आणखी एक. जिन्याची दारं फायर रेटेड, म्हणजे ठरावीक वेळ आग अडवून धरणारी, असतात. त्यांना वाटेल तिथे भोकं पाडून लॉकची पट्टी बसवली की तो दर्जा राहीलच असं नाही. दार बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. तसंच एका मजल्यावरून दुसऱ्यावर वायर न्यायला डक्टमध्ये भोकं पाडतात आणि तशीच उघडी टाकून जातात. धूर त्याच भोकातून वर चढतो. ती फायर स्टॉपचा मसाला भरून बंद करायची, आणि त्याआधी त्या कामाचं बिल द्यायचं नाही.

दिल्लीचं उपहार चित्रपटगृह आठवतं का? १३ जून १९९७. ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. बाल्कनीतल्यांची बाहेर पडायची वाट अडवलेली होती. आमच्या प्रशिक्षणात ते उदाहरण प्रत्येक वेळी यायचं आणि मला ते सांगताना आजही जड जातं.

निगडीकर | रविवार, सकाळी ९:०२

काका, तुमचं सगळं पटतंय पण सेक्रेटरीच्या खुर्चीत बसून बघा. मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे. आतून दांडा मोकळा ठेवला की कामाला आलेली माणसं, डिलिव्हरीवाले, सगळे जिन्याने निघून जातात, दार नीट बंद होत नाही, कोणीतरी वीट लावून ठेवतं, आणि चोर आरामात आत येतो. चोरी झाली की लोक पहिला फोन सेक्रेटरीलाच करतात. आग दहा वर्षांत एकदाही लागत नाही आणि चोरी दर वर्षी होते, मग लोक कशासाठी पैसे देतील?

लाल_गाडी | रविवार, सकाळी ९:४८

निगडीकर, तुमची अडचण खरी आहे आणि तिला उत्तरही आहे. दार अडवू नका, दाराला बोलतं करा. दारावर मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट (लॉक नव्हे, दार उघडलं की ओळखणारा छोटा सेन्सर) लावा, दार उघडलं की तिथेच मोठ्याने भोंगा वाजेल आणि वॉचमनच्या केबिनमध्ये कोणतं दार ते दिसेल, समोर कॅमेरा. ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं की दुसरा आवाज, म्हणजे विटेचा पण बंदोबस्त झाला. चोराला आवाज नको असतो. आणि आगीच्या वेळी वाजला तर वाजू दे, माणसं बाहेर पडली हे महत्त्वाचं. फक्त या भोंग्याचा आवाज आणि फायरच्या हूटरचा आवाज एकदम वेगळे ठेवा, नाहीतर लोक आगीच्या हूटरला सायकलचोर समजून कूस बदलून झोपतील.

तारजोड | रविवार, सकाळी ११:३०

काकांशी शंभर टक्के सहमत. आमच्या धंद्यात कार्ड रीडर विकण्यात जास्त पैसा आहे आणि कॉन्टॅक्ट अगदी स्वस्त, त्यामुळे हा उपाय व्हेंडर स्वतःहून सुचवत नाही, तुम्ही मागायला पाहिजे.

बेसमेंटचं दार मात्र नीट समजून घ्या, हे ड्रॉइंगमध्ये सर्रास चुकतं. आपण समजतो की पार्किंग म्हणजे "बाहेर" आणि जिना म्हणजे "आत", म्हणून रीडर पार्किंगच्या बाजूला. पण पार्किंगमध्ये स्कूटर पेटली तर तिथला माणूस पळणार कुठे? जिन्यात, आणि तिथून वर. म्हणजे त्या दाराची बाहेर पडायची बाजू पार्किंगची आहे! तिथे कार्ड लावलं तर गाडी धुवायला आलेला मुलगा, ज्याच्याकडे कार्ड नाही, तो तिथेच अडकला. रॅम्प आहे म्हणाल, पण पेटलेली गाडी रॅम्पच्या तोंडाशी असेल तर? त्या दाराला दांडा पार्किंगच्या बाजूने आणि भोंगा. चोराने दांडा दाबला तर दाबू दे, भोंगा वाजेल, वॉचमन येईल.

गच्चीच्या दाराचं पण असंच, तिथे जिन्यातून वर जाणारा माणूस हा बाहेर पडणारा माणूस असू शकतो.

चौथा_मजला | रविवार, दुपारी २:१५

गच्चीचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये (सात मजली, शहराचं नाव लिहीत नाही) तीन वर्षांपूर्वी रात्री अडीचच्या सुमाराला तळमजल्याच्या मीटर रूममध्ये आग लागली. ज्वाळा आम्ही कधी पाहिल्याच नाहीत, फक्त धूर. काळा, जाड, आणि घशात प्लॅस्टिक जळल्याची चव. लाईट गेलेली. मी, माझा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी खाली निघालो, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुढचं काही दिसेना, खालून लोक वर येत होते आणि ओरडत होते की खाली जाऊ नका. मग सगळे उलटे फिरलो, गच्चीकडे. आम्ही पोचलो तेव्हा सातव्याच्या वरच्या लँडिंगवर पंधरा-वीस माणसं उभी होती आणि दाराला कुलूप. चावी वॉचमनच्या केबिनमध्ये, केबिन तळमजल्याला.

मी मुलीचं तोंड ओल्या ओढणीत धरलं होतं आणि तिच्या पाठीवरून माझा हात नुसता वरखाली जात होता, तेवढं आठवतं. शेवटी सातव्या मजल्यावरच्या एका काकांनी घरातला वरवंटा आणला आणि त्याने कुलपाची कोयंडी तोडली. चार-पाच मिनिटं असतील. सगळे वाचलो, दोन जणांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं.

त्या कुलपाचा ठराव आमच्याच मीटिंगमध्ये झाला होता. मुलं गच्चीवर जातात, कठडा ठेंगणा आहे, म्हणून. मी पण हात वर केला होता.

घोडबंदरवासी | रविवार, रात्री ८:५५

चौथा मजला ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मी तुमची पोस्ट कमिटीच्या ग्रुपवर वाचून दाखवली, तिथे बराच वेळ कोणी काही टाईप केलं नाही.

तारजोड दादा, टेस्ट केली. दुपारी चार वाजता, मी, खजिनदार आणि वॉचमन.

पहिली, एमसीबी पाडला. लॉकवरचा हिरवा दिवा तसाच. दार ओढलं, हललं नाही. आम्ही दहा मिनिटं थांबलो, तरी नाही. म्हणजे बॅटरी.

दुसरी, एमसीबी परत चढवून तळमजल्याचा लाल कॉल पॉइंट दाबला. काहीच झालं नाही. हूटर नाही, दार नाही. मला वाटलं बटण खराब. मग फायर पॅनेलपाशी गेलो, लॉबीच्या मागे छोट्या खोलीत आहे, दार उघडलं तर पॅनेलवर पिवळे तीन दिवे पेटलेले आणि बझरच्या भोकांवर चिकटपट्टी. खाकी, रुंद, कार्टनला लावतात ती. तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या, म्हणजे काही आठवड्यांची नाही. वॉचमन म्हणाला सारखं वाजायचं साहेब, रहिवासी ओरडायचे, म्हणून आधीच्या माणसाने लावली असेल. हूटर पण पॅनेलमधून बंद करून ठेवलेले.

आम्ही तिथे उभं राहून एकमेकांकडे बघत होतो. वरचे चौदा मजले रोज रात्री या पॅनेलच्या भरवशावर झोपतात.

आता प्रश्न असा की आधी काय करायचं? लोकांना कार्डवालं लॉक पाहिजे, ठराव त्याचा आहे.

तारजोड | रविवार, रात्री ९:३०

आधी पॅनेल. आगीत लॉक सुटायचं तेच फायर पॅनेलच्या जिवावर, ते पॅनेलच झोपलेलं असेल तर पुढे काही बसवू नका. फायरवाल्या एजन्सीला उद्या बोलवा, ते तीन पिवळे दिवे म्हणजे तीन फॉल्ट, तिन्ही काढायला लावा आणि ती पट्टी त्यांच्यासमोर काढा. फॉर्म बी वर सही कशी झाली हे पण विचारा, शांतपणे.

"सारखं वाजतं" याचं कारण शोधल्याशिवाय ते लोक आठवड्याभरात नवी पट्टी लावतील, हे मी खात्रीने सांगतो. डिटेक्टर कुठे कोणता आहे ते बघा. पॅन्ट्री, स्वयंपाकघर, जनरेटरची खोली अशा ठिकाणी स्मोक डिटेक्टर लावला की तो वाजणारच, तिथे हीट डिटेक्टर पाहिजे. क्लब हाऊसमध्ये गणपती बसत असेल तर धूप-कापराने वाजतो, म्हणून लोक कायमचा बंद करतात. दहा दिवस तेवढा एकच झोन बाजूला काढायचा, रजिस्टरमध्ये तारीख लिहायची, तिथे माणूस ठेवायचा आणि विसर्जनानंतर परत चालू करून सही घ्यायची. बाकी आयएस २१८९ हा आपल्याकडचा फायर अलार्मचा स्टँडर्ड आहे, बसवणं आणि देखभाल दोन्ही त्यात आहे. आवाजाचं पण आहे, झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर उशाशी ७५ डेसिबल पोचला पाहिजे. पॅसेजमधला हूटर बेडरूमचं दार बंद करून, पंखा लावून ऐकू येतो का, हे एकदा आईंच्या खोलीत उभं राहून तपासा. मोबाईलवरचं अ‍ॅप अचूक नसतं पण अंदाज येतो.

हडसनकाठ | सोमवार, पहाटे ५:१८

न्यू जर्सीहून लिहितोय, इथे बिल्डिंग सिक्युरिटीच्या कंपनीत आहे. आमच्याकडे एनएफपीए (अमेरिकेतली आगसुरक्षेची संघटना) च्या १०१ लाईफ सेफ्टी कोडमध्ये हे आकड्यांसकट आहे, तुम्हाला स्पेसिफिकेशन लिहिताना उपयोगी पडेल म्हणून देतो. लॉबीसारख्या दारावर चुंबकी लॉक चालतं, पण आतल्या बाजूला माणूस जवळ आला की सेन्सरने आपोआप सुटायचं. शिवाय हाताने दाबायचं बटण, दारापासून पाच फुटांच्या आत आणि जमिनीपासून ४० ते ४८ इंचांवर, ते बटण कार्डच्या सिस्टीमवर अवलंबून न राहता सरळ लॉकची वीज तोडणार आणि दार कमीत कमी ३० सेकंद मोकळं राहणार. वीज गेली की सुटणार. फायर अलार्म वाजला की सुटणार आणि अलार्म कोणीतरी हाताने रीसेट करेपर्यंत सुटलेलंच राहणार. ही शेवटची अट आपल्याकडे विसरतात, हूटर सायलेंट केला की लॉक परत चिकटतं, तसं होता कामा नये.

आणि एक, जिन्यातून परत मजल्यावर यायची सोय. चारपेक्षा जास्त मजल्यांच्या जिन्याला इथे ती लागतेच, चौथा मजला यांच्यासारखं अर्ध्यावरून उलटं फिरावं लागलं तर मजल्यावरचं दार जिन्याच्या बाजूनेही उघडायला हवं.

इथे हे नियम आले त्यामागे जळून गेलेली माणसं आहेत. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाच्या कपड्याच्या कारखान्यात १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगार कापड चोरून नेतील, जाताना झडती घेता यावी, म्हणून. तुमच्या व्हेंडरचं "कोण किती वाजता बाहेर पडलं ते कळतं" वाचलं आणि मला तेच दार आठवलं.

निगडीकर | सोमवार, सकाळी १०:१०

काल मी आमच्याकडे जाऊन तीच टेस्ट केली. आमचं लॉबीचं दार कॉल पॉइंट दाबल्यावर सुटलं, पण वॉचमनने हूटर सायलेंट केला तसं लगेच परत चिकटलं. हडसनकाठ म्हणतात तेच. व्हेंडरला बोलावलंय. काल मी जे लिहिलं होतं की आग दहा वर्षांत एकदाही लागत नाही, ते मागे घेतो.

एक विचारायचं होतं, लिफ्टमध्ये पण कार्ड लावायचं म्हणतायत, ते चालेल का?

लाल_गाडी | सोमवार, सकाळी १०:५५

चालेल, पण तळमजल्यावरच्या फायरमन स्विचला कार्डाने अडवता कामा नये. आमचा जवान तो स्विच टाकतो तेव्हा लिफ्टने खाली येऊन दार उघडून थांबलं पाहिजे आणि आतलं प्रत्येक बटण कार्डाशिवाय चाललं पाहिजे. लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीला विचारल्याशिवाय कार्डवाल्याला लिफ्टच्या पॅनेलला हात लावू देऊ नका. रहिवाशांना मात्र हेच सांगा की आगीत लिफ्ट नाही, जिना.

घोडबंदरवासी, तुमची रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित जागा, कशी आहे? २४ मीटरच्या वर ती लागते, तुमच्याकडे असणारच. तिथे जुनं फर्निचर आणि कुंड्या नसतील आणि दाराला कुलूप नसेल, तेवढं बघून घ्या. आणि १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला त्यात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात जवळच्या फायर स्टेशनला पत्र दिलं तर प्रात्यक्षिकाला माणसं येतात.

घोडबंदरवासी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:०५

धागा वर आणतोय, काय झालं ते सांगायला.

फायर एजन्सीने तिन्ही फॉल्ट काढले, दोन डिटेक्टर धुळीने भरले होते आणि एका ठिकाणी इंटिरियरवाल्याने वायर तोडून पॉप सीलिंगच्या वर तशीच सोडली होती. पट्टी मी स्वतः काढली.

विशेष सभा घेतली. चौथा मजला ताईंची पोस्ट छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवली होती. जिन्याच्या दोन्ही दारांना आतून पॅनिक बार, बाहेरून कार्ड आणि भोंगा. बेसमेंटला पार्किंगच्या बाजूने बार आणि भोंगा. लॉबीला मॅग्नेटिक लॉक राहिलं, पण रिले बॅटरीच्या पुढे, हिरवा डबा वेगळा. आधीच्या व्हेंडरने "असं कोणी करत नाही" म्हणून हात वर केले, दुसऱ्याने केलं, आणि खर्च पहिल्या कोटेशनपेक्षा कमीच आला. गच्चीवर मात्र दीड तास वाद झाला. कठड्याची भीती खोटी नाही. शेवटी ठरलं की कठड्यावर जाळी उंच करायची आणि दाराला बार आणि भोंगा, जाळीचं काम होईपर्यंत कुलूप काढून दिवसा एक माणूस तिथे बसवायचा, रात्री दार नुसतं ओढून घ्यायचं आणि भोंगा चालू ठेवायचा. दोन जणांनी विरोध नोंदवला, तो मिनिट्समध्ये घेतला.

आज संध्याकाळी सगळ्यांसमोर टेस्ट झाली. एमसीबी पाडला, लॉक बॅटरीवर टिकलं. मग त्याच अवस्थेत कॉल पॉइंट दाबला, खट्ट आवाज आला आणि काचेचं दार आपलं आपण बोटभर पुढे आलं. हूटर सायलेंट केला, तरी मोकळंच. रीसेट केल्यावरच धरलं. आईला जिन्याच्या दारापाशी नेलं, काही सांगितलं नाही, म्हटलं बाहेर जा. तिने दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि गेली. भोंगा वाजला तशी दचकली आणि मला ओरडली की आधी सांगायचं ना रे.

तारजोड | रविवार, रात्री १०:४०

वाचून बरं वाटलं दादा. आता बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून घ्या, दोन-तीन वर्षांत ती बदलायला येते आणि तेव्हा कोणाला आठवत नाही. आणि टेस्ट महिन्यातून एकदा, पहिला रविवार वगैरे ठरवून टाका, रजिस्टरवर वॉचमनची आणि कमिटीतल्या एकाची सही. बॅटरी बदलायला जो माणूस येईल तो रिलेची वायर परत जुन्या जागी लावून जाऊ शकतो, म्हणून आत्ताच पॉवर सप्लायचं झाकण उघडून मोबाईलवर फोटो काढा आणि त्याची प्रिंट झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

घोडबंदरवासी | रविवार, रात्री १०:५२

फोटो काढलेत. प्रिंट उद्या चिकटवतो.